पौषातलं पिल्लू

आमच्या शहापूर-मुरबाडकडे कुत्रा विकत घ्यायची रीत नव्हती. पैसे मोजून आणलेलं जनावर घराला लागत नाही, असं म्हणत. पिल्लाच्या बदल्यात फार तर पायलीभर तांदूळ द्यायचे, त्याच्या आईपुढे भाकरी टाकायची आणि पिल्लू उपरण्यात गुंडाळून आणायचं. मात्र फुकट मिळतंय म्हणून हाताला लागेल ते उचललं, असं होत नसे. बैल बघायला जावं तशी दोन-तीन जाणती माणसं जात, पिल्लं उलटीसुलटी करून बघत, आईच्या खोडी विचारत आणि बरेचदा रिकाम्या हाताने परत येत. माझे आजोबा अशा जाणत्यांपैकी. किन्हवलीच्या पट्ट्यात कुणाला शिकारीसाठी कुत्रा निवडायचा असला की त्यांना बोलावणं यायचं. मी हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं नाही. माझ्या वाट्याला आल्या त्या गोष्टी: आजोबांच्या, थोरल्या काकांच्या आणि ओढ्यापलीकडच्या वाडीवरच्या एका कातकरी बाबाच्या. कुत्र्याच्या बाबतीत या तिघांचं एकमेकांशी कधी पटलं नाही, त्यामुळे त्यांच्या गोष्टीही एकमेकींना खोडून काढणाऱ्या.

एका बाबतीत मात्र तिघांचं एकमत होतं: पिल्लू पौषात निवडायचं. गावकुत्र्यांचा माज भाद्रपदातला, हे सगळ्या महाराष्ट्राला शिवीतूनच ठाऊक आहे. कुत्री साधारण ६३ दिवसांनी विते, म्हणजे पिल्लं कार्तिक-मार्गशीर्षात. तेव्हा भाताची कापणी उरकलेली असते, खळ्यावर झोडणी चाललेली असते, पेंढ्याची उडवी रचलेली असते आणि कुत्री हमखास त्या पेंढ्याच्या उबेत व्यालेली असते. खळ्यावर माणसांचा राबता, त्यामुळे तिला पेज मिळते, भाताची खरवड मिळते, बोंबलाची मुंडकी मिळतात. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हसा यात्रा भरते. बैलांचा केवढा तरी बाजार, घोंगड्यांची दुकानं, तमाशाचे फड. तोवर पिल्लं दूध सोडून पेजेला लागलेली असतात. यात्रेहून परतणारी माणसं वाटेत सोयऱ्याधायऱ्यांकडे उतरत आणि पिल्लं बघत. आजी कुरकुरायची, “पौषात सून आणत नाहीत, आणि तुम्ही कुत्रा आणता!” त्यावर आजोबांचं उत्तर ठरलेलं होतं: सून चुकली तर सांभाळून घेता येते.

आजोबांची परीक्षा साधी होती, पण तिला अर्धा दिवस लागायचा. आधी पिल्लांकडे बघायचंच नाही, आईकडे बघायचं. बाप कोण ते देवाला ठाऊक; आई तरी समोर आहे. पाहुणा दिसला की पिल्लं टाकून भुंकत अंगावर धावून येणारी कुत्री त्यांना पसंत नसे. शेपूट पायांत घालून पेंढ्यामागे दडणारी तर नाहीच नाही. जी उठते, जवळ येऊन वास घेते, घरच्या माणसाच्या तोंडाकडे एकदा बघते आणि परत पिल्लांजवळ जाऊन पडते, तिच्या पिल्लांना पुढची परीक्षा.

पिल्लांच्या मागे जाऊन एक पितळी दणकन जमिनीवर टाकायची. सगळी पांगतात. जे हललंच नाही ते बहिरं किंवा मठ्ठ. जे पळालं आणि परत आलंच नाही, ते भित्रं. जे पळालं आणि जरा वेळाने मान लांब करून त्या पितळीचा वास घ्यायला आलं, ते बाजूला काढायचं. मग सुक्या बोंबलाचं मुंडकं सागाच्या पाचोळ्यात लपवायचं. काही पिल्लं नुसती माणसाच्या हाताकडे बघत बसतात, काही पाचोळाभर धुडगूस घालतात, आणि एखादं नाक जमिनीला लावून, वारा कुठून येतो ते बघून सरळ जागेवर जातं. शेवटी मानेची कातडी धरून उचलायचं. किंचाळलं की खाली ठेवायचं. रानात कुत्रा मुका हवा, हा आजोबांचा पहिला नियम. माग काढताना भुंकणारा कुत्रा डोंगरातल्या सगळ्या जनावरांना वर्दी देतो. भुंकायचं ते जनावर अडवून धरल्यावर, मालकाला जागा कळावी म्हणून.

अंगलटीबद्दल ते फार बोलत नसत, पण जे बोलत त्याला कारण असे. पंजा गोळा हवा, बोटं पसरलेली नकोत, कारण पसरट पंजात करवंदीचा काटा शिरतो. केस आखूड हवेत, नाहीतर गोचिडी वेचता वेचता संध्याकाळ होते. रंग वाळल्या गवताचा. पांढरा कुत्रा चांदण्यात लांबून दिसतो आणि काळा कुत्रा मालकालाच दिसत नाही. हाक्याच्या गडबडीत अशा एका काळ्या कुत्र्याला आपल्याच माणसाची काठी बसली होती, असं ते सांगत. 

थोरल्या काकांचं शास्त्र वेगळंच होतं. ते नखं मोजत. त्यांच्या मते खरा शिकारी कुत्रा वीस नखी. तो बिबट्यालाही मागे हटत नाही. ही समजूत आमच्याच गावची नाही, सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना ती ऐकू येते. हिशेब असा की कुत्र्याच्या पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार, मिळून अठरा नखं असतात. काही कुत्र्यांना मागच्या पायांनाही आतल्या बाजूला एक-एक जादा नख असतं, ते झाले वीस. हे नख बहुधा नुसत्या कातडीला लोंबत असतं, त्याने काही पकडता येत नाही. आजोबा म्हणत, त्या नखाचा एकच उपयोग, करवंदीत अडकून फाटायचा आणि तुझ्या काकाला हळद लावत बसवायचा. काकांनी त्यांचं ऐकलं नाही. त्यांचा वीस नखी मोती शेवटपर्यंत अंगणातल्या कोंबड्या राखत बसला.

आजीला यातलं काहीच नको असायचं. तिला ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा हवा असायचा, म्हणजे डोळ्यांवर दोन पिवळसर ठिपके असलेला. त्याला भुतं दिसतात म्हणे. मला ही म्हातारीची खूळं वाटायची. पुढे वाचनात आलं की ऋग्वेदातले यमाचे दोन कुत्रे चार डोळ्यांचेच आहेत, आणि पारशांच्या अंत्यविधीत प्रेताला कुत्र्याचं दर्शन घडवतात, त्यासाठीही जुन्या काळी चार डोळ्यांचा कुत्रा पसंत केला जाई. आजी ना वेद वाचलेली, ना तिने कधी डहाणू-संजाणकडचा पारशी पाहिलेला. तरी हे तिच्यापर्यंत आलं होतं. कुठल्या वाटेने, ते सांगायला आता ती नाही.

आता सशाकडे. शिकारीचा कुत्रा कसा हवा, हे खरं तर सशाने ठरवलेलं असतं.

आपल्या रानातला ससा बीळ करत नाही. पिंजऱ्यात विकायला ठेवतात ते पांढरे ससे मूळचे स्पेन-पोर्तुगालकडचे. ते जमिनीखाली बिळांची वस्ती करतात, त्यांची पिल्लं उघडीनागडी आणि डोळे मिटलेली जन्मतात. आपला ससा वेगळा. मानेमागे काळसर डाग असलेला, लांब तंगड्यांचा, एकटा राहणारा. तो गवतात अंगापुरता खळगा करतो आणि त्यात कान पाडून दबून बसतो. त्याची पिल्लं केसांसकट, उघड्या डोळ्यांनी जन्माला येतात, कारण त्यांना लपवायला बीळ नसतं. त्याचं सगळं संरक्षण दोन गोष्टींत: अगदी पाय पडेपर्यंत न हलणं, आणि हलल्यावर न थांबणं.

विलायतेत सशाच्या शिकारीची तऱ्हा या बिळावर उभी आहे. तिथे फेरेट नावाचं मुंगसाएवढं लांबोडकं जनावर पाळतात. ते बिळात सोडायचं, बाकीच्या तोंडांवर जाळ्या लावायच्या, आणि घाबरून बाहेर पडलेले ससे जाळीत घ्यायचे. ही युक्ती फार जुनी. रोमनांच्या काळात भूमध्य समुद्रातल्या बालेआरिक बेटांवर सशांनी पिकं फस्त केली, तेव्हा तिथल्या लोकांनी सम्राट ऑगस्टसकडे थेट सैन्याची मदत मागितली, असं प्लिनीने लिहून ठेवलंय. बिळात असं जनावर सोडण्याचा उल्लेखही त्याच्याकडेच आहे. फेरेटबरोबर काम करणारा कुत्रा निवडताना तिथली माणसं बघतात ते हे: कुत्र्याने राहतं बीळ आणि रिकामं बीळ यातला फरक ओळखावा, बिळाशी गप्प उभं राहावं आणि फेरेटला ससा समजून चावू नये. ग्रेहाउंडच्या वेगात टेरिअरची किंवा मेंढपाळी कुत्र्याची अक्कल मिसळून त्यांनी ‘लर्चर’ नावाचे संकर केले. तिकडे हा चोरट्या शिकाऱ्यांचा कुत्रा म्हणून बदनाम आणि म्हणूनच लाडका.

आमच्याकडे फेरेट आला नाही हे बरंच झालं. न्यूझीलंडमध्ये सशांवर उतारा म्हणून १८८०च्या दशकात फेरेट सोडले, ते आजतागायत तिथल्या उडता न येणाऱ्या पक्ष्यांच्या जिवावर उठलेत. आपलं मुंगूसही या पापातून सुटलेलं नाही. १८७२ मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैकाला नेली, उसातले उंदीर मारायला. त्यांनी उंदीर खाल्ले, आणि मग पक्षी, सरडे, कोंबड्या, मिळेल ते खाल्लं.

पण बिळाची शिकार आमच्याकडे नव्हतीच असं नाही. ती सशाची नव्हती, उंदराची होती, आणि तिचे धनी कातकरी. वाडीवरच्या बाबाला माझ्या आजोबांचं ससापुराण ऐकून हसू यायचं. ससा हा नशिबाचा, उंदीर हा रोजचा, असं त्याचं म्हणणं. भात कापून झालं की बांधांतली उंदरांची बिळं उघडी पडतात. हा उंदीर म्हणजे शेतातली घूस, मोठी साठेबाज. आपल्या बिळात लोंब्या नेऊन कोठार भरते आणि राहतं तोंड आतून मातीने बुजवून घेते. त्यामुळे उघडं दिसणारं तोंड बहुधा रिकामं, आणि ताज्या मातीने बुजलेलं तोंड म्हणजे मालक घरात. हे माणसालाही कळतं, पण एका बांधाला दहा-वीस तोंडं असली की कुठून खणायचं ते कुत्रा सांगतो. तो एका तोंडाशी नाक लावतो, पुढे जातो, परत येतो, पुढच्या पंजाने एकदा माती उकरतो आणि माणसाकडे बघतो. बास. मग बाकीच्या तोंडांत दगड ठोकायचे, एका तोंडाशी मडक्यात ओलं-सुकं गवत पेटवून धूर कोंडायचा, नाहीतर कुदळीने खणत जायचं. कुत्रा मात्र खणणाऱ्याजवळ थांबत नाही. तो जाऊन पळवाटेशी बसतो. प्रत्येक बिळाला एक पातळ मातीचं तोंड असतं, नुसतं डोकं मारलं की फुटणारं, आणि ते कुठे असेल हे चांगल्या कुत्र्याला न शिकवता कळतं. उंदीर मिळत, वर साठवलेल्या लोंब्याही मिळत. ज्या शेतात कातकऱ्याने वर्षभर मजुरी केली, त्या शेतातलं त्याच्या वाट्याचं धान्य कधीकधी असं घुशीच्या कोठारातून घरी येई. आमच्या कुणबी घरात ही गोष्ट सांगताना आवाज जरा खाली जायचा. जायलाच हवा.

या बाबाची निवडही वेगळी. त्याला ताकदवान पिल्लू नको असायचं, थोराड तर नाहीच. मडकं चाटून झाल्यावर जे पिल्लू इतरांशी भांडत नाही आणि चुलीजवळ जागा धरून बसतं, ते तो घेई. कारण कातकऱ्याच्या कुत्र्याला वर्षातून सहा-सात महिने वीटभट्टीवर काढायचे असतात. दिवाळी झाली की शहापूर-मुरबाडच्या वाड्या ओस पडतात, बिऱ्हाडं ट्रकमध्ये बसून भिवंडी-कल्याणकडच्या भट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. बिऱ्हाडाबरोबर कुत्रा. तिथे मुकादमाच्या कुत्र्याशी भांडणारा टिकत नाही. कुत्रा चावरा नको, खादाड नको, आणि झोपडीत तान्हं मूल एकटं असताना हलणारा नको. इतक्या अटी तर आजोबांनीही घातल्या नव्हत्या.

शिकारीच्या दिवसांत मात्र या सगळ्यांचं एकमेकांवाचून चालत नसे. शिमग्यानंतर, गवत कापून-जळून डोंगर उघडे पडले की पारध निघे. कुणब्यांची दोन-चार माणसं, ठाकरांची पोरं, भट्टीवर न गेलेले कातकरी. दोन बांधांच्या मधल्या खिंडीत वाघर लावायची, म्हणजे सुताचं लांबलचक जाळं. खालून हाका घालायचा. कुत्र्यांचं काम ससा पकडणं हे नव्हतंच. उठवणं आणि वळवणं हे होतं. सशाचे मागचे पाय लांब, त्यामुळे चढावर त्याला कुणी गाठत नाही आणि उतारावर तो डळमळतो. बिनअकली कुत्रा सशाच्या मागे डोंगर चढत बसतो. आजोबांचा खंड्या, ज्याच्या गोष्टी मी सर्वांत जास्त ऐकल्या, ससा उठला की त्याच्याकडे बघायचाही नाही; तो आधी आडवा वर जायचा आणि मग वरून खाली घालायचा. ससा पळताना मधेच उलटा फिरतो, आपल्याच मागावर काही अंतर परत येतो आणि बाजूला लांब उडी मारतो. तिथे माग तुटतो. खंड्या तिथे थांबून गोल फिरायचा, घाई करायचा नाही. हे त्याला कुणी शिकवलं, असं विचारलं तर आजोबा म्हणत, त्याच्या आईने. म्हणून आधी आई बघायची.

आणि शेवटची परीक्षा, जी पिल्लूपणी घेताच येत नाही: सापडलेली शिकार कुत्र्याने फाडायची नाही, माणूस येईपर्यंत दाबून धरायची. वाटे करताना कुत्र्याचा वाटा वेगळा निघे, कुत्र्याच्या धन्याला माणसांइतकाच एक वाटा जादा. आतडी आणि मुंडकं जागेवरच कुत्र्यांना. वाट्यात फसवलं तर पुढच्या पारधीला कुत्रा येत नाही, असं बाबा सांगायचा. कुत्रा येत नाही की कुत्र्याचा धनी येत नाही, ते त्याने कधी स्पष्ट केलं नाही.

मग हाउंड का नाही, हा प्रश्न आजचा शहरी माणूस लगेच विचारेल. आपल्या मराठी मुलखात सशामागे पळणारी नामांकित जात आहे की! कारवान किंवा करवानी म्हणतात ती. लातूर, सोलापूर, सांगली-जतकडे पिढ्यान् पिढ्या सांभाळलेली. तिलाच मुधोळ संस्थानाने नाव मिळवून दिलं. तिथल्या घोरपडे राजांपैकी मालोजीरावांनी या कुत्र्यांची जोपासना केली आणि एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला भेट दिली, असं सांगतात. आज एक केनेल संस्था तिला ‘कॅरावान हाउंड’ म्हणते, दुसरी ‘मुधोळ हाउंड’. २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर चार तिकिटं काढली, त्यांत मुधोळ आहे. पुढे ती सैन्याच्या मेरठच्या केंद्रातही पोचली. २०२०च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये नाव घेतल्यावर तर विचारूच नका. राजेलोकांचा कुत्र्यांचा शौक दख्खनमध्ये त्याहून कितीतरी जुना: कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात कुत्र्यांच्या शिकारीवर स्वतंत्र प्रकरण आहे.

आमच्याकडे हे रक्त येई ते धनगरांबरोबर. दिवाळीनंतर घाटमाथ्यावरची खिल्लारं माळशेज-नाणेघाटाच्या वाटांनी खाली मुरबाडात उतरतात, शेतांत मेंढ्या बसवतात. त्यांच्याबरोबर उंच, चिंचोळ्या तोंडाचे कुत्रे असतात. माझ्या चुलत आजोबांनी असं एक पिल्लू मेंढ्या बसवल्याच्या धान्यावर आणखी दोन पायल्या देऊन मिळवलं. वर्षभरात ते असं पळायला लागलं की गाव बघायला यायचं. मोकळ्या माळावर त्याने दोन ससे डोळ्यांदेखत धरले. मग एके दिवशी ससा भाताच्या खाचरांत शिरला. खाचर म्हणजे दर वीस-पंचवीस पावलांवर बांध, कापणीनंतर चिरेसारखा कडक. ससा बांधावरून पलीकडे पडतो, कुत्रा बांधावर आदळतो. पुढचा पाय मोडला. डोळ्यांनी शिकार करणाऱ्या कुत्र्याला समोर मैदान लागतं, आणि माहुलीच्या पायथ्यापासून माळशेजपर्यंत आमच्याकडे मैदान आहेच कुठे? साग, करवंदी, धोंडे, ओहोळ, बांध. तिथे वेगापेक्षा नाक बरं आणि नाकापेक्षा अक्कल बरी. मुंबईच्या साहेबांनी विलायतेहून फॉक्सहाउंड आणवून कोल्ह्यांमागे घोडे फेकण्याचा थाटही मांडला होता, पण तो शहराजवळच्या सपाटीवरचा खेळ. रेल्वे १८६१ मध्येच कसाऱ्यापर्यंत आली, पाठोपाठ बंदुकवाले शिकारी आले. त्यांनी हाक्याला माणसं आमची घेतली आणि कुत्रेही आमचेच.

ही सगळी कथा आता बंद झालेली आहे, आणि ती बंद झाली ते योग्यच झालं. कायदा तसा नवा नाही. १९१२च्या कायद्याच्या यादीत सशाचं नाव होतं, फक्त बंदीच्या मोसमापुरतं. मुंबई राज्याचा १९५१चा कायदा आला, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशाची बिनपरवाना शिकार हा गुन्हा ठरवला; कुत्रा घालणं, जाळं लावणं, रात्री बत्ती दाखवणं, सगळंच. तानसा तलावाभोवतीचं रान १९७०लाच अभयारण्य झालं. मुरबाडच्या पूर्वेला सिद्धगडाकडचं रान १९८५मध्ये भीमाशंकर अभयारण्यात गेलं. आजोबांनी वाघर गुंडाळून माळ्यावर टाकली, ती उंदरांनी खाल्ली. पण एक गोष्ट नोंदवून ठेवली पाहिजे. ससे कमी झाले ते पारधीने झाले, असं सांगून कातकऱ्याकडे बोट दाखवणं फार सोपं असतं. याच डोंगरांतून ठेकेदारांनी लाकूड नेलं, कातकऱ्यांनाच राबवून कोळसा पाडला. मुंबईला पाणी देणारी धरणं शहापूर तालुक्यात झाली, १८९२च्या तानसापासून भातसापर्यंत. समृद्धी महामार्गाचा शेवटचा तुकडा जून २०२५ला खुला झाला, तोही इगतपुरीहून खाली उतरून शहापूर तालुका चिरत आमण्याला जातो. सशाचं घर वाघरीने नाही मोडलं.

शिकार गेली तरी कुत्र्याचं काम संपलेलं नाही. उन्हाळी भाजीत डुकरं शिरतात, वानरं येतात, गोठ्यात शेळ्या असतात. आणि बिबट्या आहे. वाघबारशीला आमच्याकडे डोंगरातली माणसं अजून वाघोबाला नैवेद्य दाखवतात, पण बिबट्याचा खरा नैवेद्य कुत्रा असतो. घाटापलीकडच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेया आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या अन्नात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. जुन्या माणसांना आकडा ठाऊक नव्हता, अनुभव होता. म्हणून अंधार पडला की खंड्या ओटीवर नाही, घरात असे, आणि बाहेर काही हललं तर दारामागून गुरगुरे. रात्री अंगणात साखळीला बांधलेला कुत्रा राखण करत नाही. त्याला पळताही येत नाही.

जुन्यांच्या शहाणपणाला एक मोठं भोकही होतं, तेही सांगतो. त्यांना कुत्री नको असायची. वेतातल्या माद्या रानात नेऊन सोडत, किंवा त्याहून वाईट. आणि पिसाळण्यावर त्यांच्याकडे मंत्र, पाला आणि नशीब यापलीकडे काही नव्हतं. पोटात चौदा इंजेक्शनं घेण्याच्या भीतीने माणसं भगताकडे जायची आणि त्यातली काही परत यायची नाहीत. पिल्लू निवडायच्या सगळ्या कसोट्यांत ‘याला पुढे लस टोचायची’ हा शब्द कुठेच नाही.

आज आसनगावपासून किन्हवलीपर्यंत, तिकडे मुरबाड-टोकावड्यापर्यंत फार्महाऊसं झाली आहेत. त्यांच्या फाटकाआड लॅब्रेडॉर धापा टाकतात, हस्की सुद्धा मी पाहिलाय, वैशाखात. प्लॉट विकला की कुत्रा मागे राहतो, गावकुत्र्यांत मिसळतो, टोळी होते, आणि ती टोळी तानसाच्या रानात भेकरं आणि ससे मारते, कुठल्याही पारधीपेक्षा जास्त. या मंडळींना माझी विनंती आहे. या मातीत जनावर हवं असेल तर गावातलंच पिल्लू घ्या, आणि वेतात मादी असली तर आधी मादी घ्या. राखणीला ती नरापेक्षा कमी नाही. नखं मोजू नका, रंग बघू नका. पितळी टाका, बोंबील लपवा, आईला निरखा, हे सगळं अजून तितकंच खरं आहे. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची पहिली लस टोचून घ्या आणि पुढे दरवर्षी विसरू नका. वयात येण्याच्या सुमाराला त्याची नसबंदी करा; २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी भटक्या कुत्र्यांची ही जबाबदारी ग्रामपंचायतीपर्यंतच्या स्थानिक संस्थांवर टाकली आहे, तेव्हा ग्रामसभेत उठून तो प्रश्नही विचारा. दिवसा त्याला मोकळं ठेवा, पण रानात एकटं सोडू नका. आणि रात्री आत घ्या.